मागं कोण बसलंय?

जळकोट
२५ ऑगस्ट

शिवशंकर,

तू माझा नंबर ब्लॉक केलास. बरं केलंस. तसंही फोनवर माझं एक वाक्य तू कधी पुरं होऊ दिलं न्हाईस. पोस्टमनला काय ब्लॉक करता येत न्हाई, तवा आता कागदावर ऐक. फाडायचं असंल तर वाचून फाड.

पहिली गोष्ट, गाडी विकणार न्हाई. दुसरी गोष्ट सांगायच्या आधी पहिली परत एकदा वाच.

तो व्हिडिओ तुला ऑफिसातल्या कुणीतरी दाखवला म्हणं. साठीचा म्हातारा, अंगात चामड्याचा सूट, चेन्नईच्या रेसच्या ट्रॅकवर मोटारसायकलसकट घसरत चाललाय आणि बघणारे हसून राहिलेत. खाली कुणीतरी लिहिलंय, ‘एसटीवाले काका घसरले’. तुझी मान खाली गेली म्हणतोस. माझी न्हाई गेली. मी पडलो, उठलो, गाडी उभी केली आणि सगळ्यांना हात केला. हात केलेला तेवढा त्या शहाण्यानं कापून टाकला.

आणि ती रेस नव्हती. किती वेळा सांगू? ट्रॅक डे म्हणत्यात त्याला. ट्रॅक एक दिवस आपल्यासारख्यांना उघडा करून देत्यात, शिकवायला माणसं असत्यात, आणि जो तो आपापली गाडी वळणातून कशी काढायची ते शिकतो. कुणाला हरवायचं नसतं. एक चक्कर किती वेळात झाली ते मोजत्यात, पुढल्या खेपंला त्यातून काय कमी झालं ते बघायचं. समोरून ट्रक न्हाई, म्हैस न्हाई, हेडलाइट बंद ठेवून येणारा ट्रॅक्टर न्हाई. मुखेड डेपोत एसटी हाकत चौतीस वर्षं काढली मी, एवढा सुरक्षित रस्ता जन्मात बघितला नव्हता.

मला काय लागलं न्हाई. थोडं खरचटलं. अक्षर वाकडं येऊन राहिलंय ते पेनामुळं.

“गाडी विका, मगच येळवसला येतो, न्हाईतर साक्षीला घेऊन शेतात पाय ठेवणार न्हाई,” असं तू म्हणालास आणि फोन कापलास. मार्गशीर्षातल्या अमावस्येला सारा लातूर जिल्हा घराला कुलूप घालून शेतात जेवायला जातो, परक्याला हात धरून पंगतीला बसवतो, आणि तू पोटचा पोर मला अट घालून राहिलास. तुझी आई असती तर तुला चांगलं झापलं असतं. मलाही झापलं असतं, ते वेगळं.

येळवसला अजून चार महिने हायत. तुझं डोकं थंड होऊ दे.

तुझा बाप,
रामलिंग


जळकोट
१० ऑक्टोबर

शिवशंकर,

उत्तर आलं न्हाई. येईल अशी आशाही नव्हती. पण पत्र परत पण आलं न्हाई, म्हणजे कुणीतरी घेतलं.

पेन चांगलं होतं. खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे हात गळ्यात बांधून होतो. मोंढ्यातला माझा दोस्त गुरुपादप्पा रोज डबा घेऊन यायचा, आणि रोज मला एक नवी शिवी द्यायचा. आता हाड जुळलंय, तिथं जरा उंचवटा राहिलाय एवढंच. हे तुला लांबून कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून सांगितलं. यावरून परत भांडायचं असंल तर आधी नंबर उघड.

पडलो कसा ते पण सांगतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला टायरांची भिंत केलेली असते. मला वाटलं, आपण तिच्यावर जाऊन आदळणार. म्हणून मी तिच्याकडंच बघत राहिलो. आणि गाडी सरळ तिच्याकडं गेली! शिकवणारा पोरगा बसवराज, बीदरचा हाय, आपलं दखनी बोलतो. मला उचलताना म्हणाला, “चाचा, जिधर देखे उधरइच जाती गाडी. दीवार को कायको देखे?”

गाडी डोळ्यांच्या मागं जाते, शिवशंकर. जिथं जायचंय तिथं बघायचं, जिथं जायचं न्हाई तिथं बघायचं न्हाई. वाचताना सोपं वाटतं. करून बघ.

आता ऐक. शांतम्मा गेली त्याला दीड वर्ष झालं. तुझी आई गेली, माझी बायको गेली. तेव्हापासून तुम्ही सगळे मला काय सांगून राहिलात? घरात बसा, अण्णा. आराम करा, अण्णा. मी बसलो की समोर तिची खाट असते. गादी गुंडाळून ठेवलेली, उशाला तिचा चष्मा. मी दिवसभर तिकडंच बघायचो. सकाळी बघायचो, जेवून बघायचो. महिना झाला, दोन झाले, आणि मी तिकडंच चाललो होतो. तुला कळलं न्हाई, कारण फोनवर मी “बरा हाय” म्हणायचो.

मग ही लाल गाडी घेतली. आणि तू म्हणतोस, “तुम्हाला आईच्या मागं जायचंय म्हणून हे धंदे.” हे वाक्य मला लई लागलं. हाडापेक्षा लागलं. अरे, मला जायचं असतं तर गाडी कशाला पाहिजे होती? खाटेसमोर नुसतं बसून राहिलो असतो तरी पोचलो असतो. मला जायचं न्हाई म्हणून गाडी घेतली. तेवढं डोक्यात घे, बाकीचं सोड.

साक्षीला आजोबाचा मुका. सूनबाई मनस्विनीला सांग, तिनं पाठवलेला हळदीचा लेप कामाला आला. तुझ्या माघारी पाठवला असंल तर सांगू नको.

अण्णा


जळकोट
२१ नोव्हेंबर

शिवशंकर,

दिवाळीला पण फोन न्हाई. ठीक हाय. मी पण आडमुठा, तू पण आडमुठा, रक्तच एक हाय.

काल अमावस्या होती. मुखेडचा मोंढा अमावस्येला बंद असतो, तुला ठाऊक हाय. लिलाव न्हाई, हमाल न्हाई, एक गाडी आत येत न्हाई. एवढं मोठं सिमेंटचं पटांगण रिकामं. लोक म्हणत्यात अमावस्येला गाडी बाहेर काढू नये. मी म्हणतो, आमच्या भागात शिकायला तेवढाच एक दिवस मोकळा मिळतो. गुरुपादप्पानं बारदान्यात भुसा भरून ओळीनं पोती ठेवली. पहिल्या पोत्याशी ब्रेक मारायला लागायचं आणि तिसऱ्याच्या आत थांबायचं, असं सुरू केलं. ते जमलं की दुसऱ्या पोत्याशी लागायचं. ट्रॅकवर सगळा वेळ इथंच वाचतो. सरळ रस्त्यावर पळवायला अक्कल लागत न्हाई. वळण जवळ येईपर्यंत थांबायचं, आणि मग पुढचा ब्रेक असा दाबायचा की गाडी नाक खाली घालून बसली पाहिजे.

मला ते जमत नव्हतं. ऑगस्टात पण हेच झालं होतं. मी वळणाच्या लई आधी ब्रेक धरायचो, हळू हळू, लोणी कापल्यासारखा. मागचे सगळे पुढं जायचे, आणि मी सवयीनं हात बाहेर काढून त्यांना साइड द्यायचो. बसवराज कपाळाला हात लावून विचारायचा, “चाचा, पीछे कौन बैठे? किसको संभालके लेजारे?” सगळी पोरं हसायची, मी पण हसायचो. पण मागं कोण बसलंय ते मला चांगलं ठाऊक होतं.

तुला ही गोष्ट माहीत न्हाई. तुझ्या जन्माच्या आधीची हाय. लग्नानंतरची पहिली येळवस. आम्ही मुखेडला खोली करून राहायचो, शेत इथं जळकोटला, आणि सणाला मला ड्युटी लागलेली. तर तुझी आई माझ्याच एसटीत बसून निघाली. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, मांडीत आंबिलीची बिंदगी. ताकातली ती आंबील काठोकाठ भरलेली, वर नुसतं फडकं बांधलेलं. रस्त्यात बैल आडवा आला, मी करकचून ब्रेक मारला, आणि सगळी आंबील शेजारी बसलेल्या हेडमास्तरांच्या पांढऱ्या धोतरावर! नवी नवरी, डोक्यावरचा पदर सावरत उभी राहिली आणि भरल्या गाडीत ओरडली, “अहो, गाडीत म्हशी भरल्यात का? माणसं बसलीत मागं!” कंडक्टर हसून हसून खाली बसला. त्या वर्षी आंबील न्हाईच मिळाली कुणाला.

त्या दिवसापासून प्रत्येक ब्रेकला मी असं समजून चाललो की मागं शांतम्मा बसलीय आणि तिच्या मांडीत बिंदगी हाय. चौतीस वर्षं. विना अपघात सेवेचा बिल्ला छातीवर लागला तो माझा न्हाई, तिचा हाय. ती गाडीत असो नसो, माझा पाय तिच्या धाकात होता. आता ती जगात न्हाई, तरी हाताची बोटं ऐकत न्हाईत.

काल हे सगळं गुरुपादप्पाला सांगितलं. तो पोत्यावर बसून शेंगा खात होता. शेंगा खाली ठेवल्या आणि म्हणाला, “रामलिंग, तिचा स्टॉप येऊन गेला. तू तिला उतरू देऊन राहिला न्हाईस.”

मी त्याच्यावर लई चिडलो. गाडी स्टँडला लावली, हेल्मेट भुईवर आदळलं, म्हणालो तुला काय कळतं, तुझी बायको घरी भाकरी थापून राहिलीय. त्यानं शेंगा परत उचलल्या. मी लांब जाऊन कट्ट्यावर बसलो. मग उठून गाडीवर बसलो आणि एकदा दुसऱ्या पोत्याच्या पुढं जाऊन ब्रेक दाबला. गाडीचं नाक खाली गेलं, मागचं चाक हलकं झालं, आणि तिसऱ्या पोत्याच्या आत थांबलो. गुरुपादप्पा शिट्ट्या मारायला लागला. मला रडू येऊन राहिलं होतं. हेल्मेटात रडलं की काच धुरकट होते, हा अनुभव नवीन.

एकोणतीसला परत चेन्नईला चाललोय. तुला विचारत न्हाई, कळवून राहिलोय.

अण्णा


नांदेड बसस्टँड
१ डिसेंबर

शिवशंकर,

चेन्नईहून आत्ता उतरलो. लाल गाडी मागून ट्रकनं येऊन राहिलीय. मुखेडच्या एसटीला वेळ हाय, चहा समोर हाय, म्हणून इथंच लिहितो. डेपोतला एक जुना ड्रायव्हर भेटला, म्हणाला, “रामलिंग, अंगावर हे काय, अंतराळात गेल्ता का?” सूटची पिशवी फाटली, म्हणून सूट अंगातच घालून आलोय. सगळा स्टँड बघून राहिलाय. बघू दे.

आधी हे सांगतो की मी पडलो न्हाई. दोन दिवसांत एकदाही न्हाई. हाडं सगळी जागच्या जागी.

आता टाइम. ऑगस्टात माझी एक चक्कर तीन मिनिटांच्या आसपास जायची, म्हणजे त्या ट्रॅकवर आळशी म्हैस जेवढा वेळ घेईल तेवढा. अडीच मिनिटांच्या आत आलं तर वरच्या वर्गात घेत्यात. मी आत आलो! दोन सेकंदांनी का होईना, आत आलो. आता मी वरच्या वर्गात हाय आणि त्या वर्गात माझ्या निम्म्या वयाचं पण कुणी न्हाई.

कसं झालं ते ऐक. मोठ्या सरळ रस्त्याच्या शेवटाला उजवं वळण हाय, ज्याला मी भ्यायचो तेच. शनिवारी दिवसभर बोटं आधीच दाबत होती. रविवारी सकाळी वळण जवळ आलं आणि मी हेल्मेटात मोठ्यानं बोललो, “शांते, उतर.” तोंडातून आपोआप निघालं. टायरांच्या भिंतीकडं बघितलं न्हाई, वळणाच्या पार पलीकडं बघितलं, जिथून बाहेर पडायचं तिथं. थांबलो, थांबलो, आणि मग दाबला. सांडायला मागं काहीच नव्हतं. गाडी वळणात अशी शिरली जशी घरचीच वाट हाय.

पिटात, म्हणजे गाड्या थांबत्यात तिथं आलो, हेल्मेट काढलं. बसवराज घड्याळ घेऊन उभा. टाइम सांगायच्या आधी तोंडाकडं बघत राहिला, मग हळूच म्हणाला, “आज अकेले आए क्या, चाचा?” त्याला मी बिंदगीचं काही सांगितलं नव्हतं. मी हो म्हणालो. मला वाईट वाटलं, आणि लई मोकळं वाटलं. दोन्ही एकदम वाटतं हे मला साठीत कळलं.

आता येळवस. एकोणीस तारखेला हाय, कलेक्टरनं सुट्टी टाकलीय. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करणार, भज्जी होणार, उंडे होणार, गव्हाची खीर होणार. लाल गाडी कोपीच्या शेजारी उभी राहणार, झूल घालून न्हाई, उघडी. तू अट घातलीस, तशी मी पण घालतो. यायचं असंल तर ती गाडी तिथं असणार हे धरून ये. गाडीला तोंड दाखवायचं नसंल तर पाठ करून जेव. पण मला शांतम्माच्या खाटेसमोर परत बसवायला येऊन राहिला असशील तर पुण्यातच राहा.

न्हाई आलास तरी तुझं पान वाढणार, त्यावर जेवायला दुसरा माणूस बसवणार. येळवसला पान रिकामं राहत न्हाई. आलास तर बरं वाटंल. लई बरं वाटंल, हे पण लिहून ठेवतो.

चहा गार झाला. गाडी लागली.

अण्णा


जळकोट
२० डिसेंबर

शिवशंकर,

काल रात्री तुम्ही पुण्याला गेलात, आणि मी आज परत पत्र लिहून राहिलोय. नंबर उघडलास ते कळलं. सकाळी तुझे तीन फोन येऊन गेले. मी गाडीवर होतो. गाडीवर मी फोन उचलत न्हाई, चौतीस वर्षं उचलला न्हाई. आणि खरं सांगू? पत्राची सवय लागली. बोलायला गेलो की आपण भांडतो.

काल तू दिवसभरात माझ्याशी एकच वाक्य बोललास, तरी आलास. ते जे झालं ते मला माझ्या हातानं लिहून ठेवायचंय.

शेजारच्या शेतातल्या साहेबरावनं गव्हाला मोकाट पाणी सोडलं होतं, सगळी पाणंद चिखल झालेली. मी कोपीतून बघितलं, लांब रस्त्याच्या कडंला एक पांढरी कार काळ्या मातीत पार बुडापर्यंत बसलीय. पुण्याचा नंबर. मी हसलो, खोटं का बोलू. मग गाडी काढली.

साक्षीला आधी आणलं. तिच्या मापाचं हेल्मेट मी दसऱ्यालाच घेऊन ठेवलं होतं, तू विचारलं न्हाईस कशाला. मनस्विनी म्हणाली, “मी चालतच येते, मामंजी,” आणि चपला हातात घेऊन चिखल तुडवत निघाली. डोळ्यांनी मला म्हणाली, त्याला आणा. तिनं पुण्याहून आंबील करून आणली होती, तुझ्या आईला फोनवर विचारून एकदा लिहून घेतलेली तशीच. स्टीलच्या उभ्या डब्यात, काठोकाठ. झाकण सैल. तो डबा धरून तू कारशेजारी पांढऱ्या बुटात उभा होतास.

मी म्हणालो, “बस.”

तू गाडीकडं बघितलंस. मग चिखलाकडं. मग बसलास. डबा आपल्या दोघांच्या मधे धरलास, दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवलास. तुझ्या बोटांना हाडाचा उंचवटा लागला. तू हात उचललास. मला वाटलं, आता उतरतो. पण तू माझा पट्टा धरलास, गच्च, लहानपणी सायकलवर धरायचास तसा.

मग मी निघालो. शिवशंकर, ज्या हातांनी तीन आठवड्यांपूर्वी ती गाडी नाकावर उभी केली होती, त्याच हातांनी मी काल पाणंदीतून निघालो. प्रत्येक खड्डा आधी बघितला, प्रत्येक ब्रेक लोणी कापल्यासारखा धरला. मला दोन्ही येतं आता. कुठं कोणतं वापरायचं ते पण येतं. फेब्रुवारीत मी परत ट्रॅकवर जाणार, त्यात बदल न्हाई, आणि गाडी विकायचा विषय काढायचा न्हाई.

बांधापाशी आलो तोवर चालत निघालेली मनस्विनी आपल्याला मागं टाकून पुढं पोचली होती. साक्षी कोपीतून ओरडून राहिली होती, “अण्णा हरले!” आंबील एक थेंब सांडली नव्हती. तेव्हा मागून तुझा आवाज आला. चार महिन्यांत तू माझ्याशी पहिल्यांदा बोललास.

“अण्णा, ह्या चालीनं अडीच मिनिटांच्या आत कसे आलात ओ?”

अडीच मिनिटांचं मी फक्त तुला पत्रात लिहिलं होतं. म्हणजे तू फाडलं न्हाईस. वाचलंस. सगळी वाचलीस.

मला तेव्हा लई बोलावंसं वाटलं, पण मी वळून बघितलं न्हाई, आणि बोललो पण न्हाई. मागं माणूस बसलं होतं.

अण्णा